दोनदाबाईंचं साउंड कार्ड

माझी आत्या पडली ती जिन्यावरून नाही, की ओल्या फरशीवरूनही नाही. स्वयंपाकघरातून बाहेर येताना पायपुसण्याच्या कडेत पाय अडकला आणि ती एका कुशीवर आपटली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "चालाल तुम्ही, काळजी करू नका. फक्त जिने विसरा." आत्याने मान डोलावली. औषधं कधी नि कशी घ्यायची ते मीच विचारून घेतलं. गाडीत घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. आमच्या आत्याला जे ओळखतात त्यांना कळेल की हे हाड मोडण्यापेक्षा गंभीर होतं.

जिने विसरा म्हणजे काय, ते तिला आणि मला दोघींनाही कळलं होतं. गावात अंध वाचकांसाठी एक ग्रंथालय आहे. तिथे पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतात आणि ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही ते ऐकतात. वाचकांचा विभाग तळमजल्यावर, पण रस्त्याचा गोंगाट पोचू नये म्हणून रेकॉर्डिंगची खोली पार वर, गच्चीला लागून. लिफ्ट नाही. आत्या तिथे कित्येक वर्षं आठवड्यातून दोन दिवस जाऊन वाचायची. पगार नाही, मानधन नाही. शाळेची पुस्तकं, कॉलेजची पुस्तकं, कायद्याची, शेतीची, शिवणकामाची, जे हातात देतील ते. आणि आतोबा तिला स्कूटरवरून नेऊन सोडायचे, आणायचे.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. पाणीपुरवठ्यात पंपांची देखभाल करत होते, आता निवृत्त. त्यांना गाण्याचं वेड. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये इतकी गाणी साठवलेली आहेत की एका जन्मात ऐकून व्हायची नाहीत, असं आत्याच म्हणते. गाणं चालू असताना घरात कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. पाहुणा आला तरी हातानेच बसा म्हणतात.

तर आत्या घरी आली आणि गप्प झाली. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालायची, व्यायाम करायची, जेवायची, पण वागणं असं की कुणाच्या तरी घरी राहायला आल्यासारखं. शेवटी आतोबांनीच ग्रंथालयात फोन लावला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "घरून रेकॉर्ड करून पाठवलंत तर आम्हाला आनंदच आहे. फक्त आवाज स्वच्छ हवा. आमचा एक तपासनीस असतो, त्याच्या कानाखालून गेलं पाहिजे."

"एवढंच ना?" आतोबा म्हणाले आणि कामाला लागले.

कॉम्प्युटरला चांगलं साउंड कार्ड बसवायचं त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतंच. गाण्यासाठी. आता तर कारणही मिळालं. ते रोज सकाळी चष्मा पुसून इंटरनेटवर बसायचे आणि दुपारी मला फोन करून माहिती द्यायचे. आवाजाचे किती तुकडे करून साठवतात, तुकडे जितके बारीक तितकं चांगलं, अमुक कार्डाचा आकडा एवढा, तमुकचा तेवढा. आकडा मोठा म्हणजे कार्ड चांगलं, असा त्यांचा सरळ हिशेब. पंपाचंही तसंच असतं म्हणे.

एके दिवशी ते कार्ड घेऊन आले. खोक्यावर ज्वाळांचं चित्र. कॉम्प्युटरचं झाकण उघडून त्यांनी ते स्वतःच आत बसवलं. चालू केल्यावर आतून निळा-जांभळा उजेड पडायला लागला. "हा कशाला?" आत्याने विचारलं. "असतो तसा," आतोबा म्हणाले. पण त्यांनी गाणं लावलं तेव्हा मलाही फरक कळला. आवाज भरदार झाला होता. आतोबा डोळे मिटून बसले, आणि मी बाहेर जाऊन पुस्तकं चाळत बसले, कारण बोलायची सोय नव्हती.

मग माइक जोडला. ग्रंथालयानेच एक जुना पाठवून दिला होता. आत्याने हेडफोन लावला, पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली नाहीत तोच अडखळली. पुन्हा सुरुवात, पुन्हा अडखळली.

"अहो, हे काय आहे? मी बोलते आणि मागून कुणीतरी माझी नक्कल करतंय."

तिचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून तिच्या कानात येईपर्यंत किंचित उशीर होत होता. फार नाही, एका अक्षराएवढा. पण वाचणाऱ्याची जीभ लटपटायला तेवढा पुरतो. शेवटी तिने हेडफोन काढून ठेवला आणि तसाच सगळा पाठ वाचून पाठवला.

चार-पाच दिवसांनी ग्रंथपालबाईंचा फोन आला. बाई फार चांगल्या, शब्द शोधून शोधून बोलत होत्या. आवाज तुमचा तोच आहे हो, पण मागे बारीक कुईं ऐकू येते. ऐकणाऱ्याला तासभर ती सोसवणार नाही. आणि खरं म्हणजे तुम्हीही आता विश्रांती घ्या, खूप केलंत आमच्यासाठी.

"बरं," आत्या म्हणाली. फोन ठेवला. चष्मा काढला, डबीत घातला आणि डबी बंद केली. मी तिथेच होते. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. उलट तिने मला विचारलं, चहा घेणार का.

आतोबांनी मात्र हाय खाल्ली. त्यांनी फ्रिज बंद करून पाहिला. पंखा बंद केला. शेजारच्यांच्या पाण्याच्या मोटरीवर संशय घेतला. शेवटी कॉम्प्युटरवर जाड रजई टाकली. कुईं तशीच राहिली, पण कॉम्प्युटर तापला आणि आपला आपण बंद पडला. ते रजईची घडी घालत म्हणाले, "मीच घोळ केला. आकडे बघत बसलो."

"तुम्ही कशाला घोळ कराल? माझंच हाड मोडलं," आत्या म्हणाली. दोघंही एकमेकांना समजावत होते आणि दोघांचंही समाधान होत नव्हतं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी दारावरची बेल वाजली. मी दार उघडलं. दारात चाळिशीचे एक गृहस्थ, एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातावर काळा कोट. "मी वकील आहे," ते म्हणाले, "पण कामासाठी नाही आलो. ग्रंथालयातली रेकॉर्डिंगं मी तपासतो. बाईंचा पाठ परत पाठवला तो मीच."

आतल्या खोलीतून आतोबांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण वकिलांना तो दिसत नव्हता, त्यामुळे ते शांतपणे बूट काढत म्हणाले, "परत पाठवून मोकळं होणं बरं नव्हे ना. म्हटलं, जाऊन ऐकावं काय होतंय ते."

त्यांना कॉम्प्युटरपाशी खुर्ची दिली. ते म्हणाले, "आता कुणी बोलू नका. नुसती शांतता रेकॉर्ड करा." आम्ही तिघं आपापल्या जागी पुतळ्यासारखे उभे. मग त्यांनी ती शांतता हेडफोन लावून ऐकली. "आता मी ऐकतोय तेवढ्यात कुणीतरी माउस हलवा." आतोबांनी हलवला. "थांबवा. हलवा. थांबवा." वकील हसले. त्यांनी हेडफोन आतोबांच्या हातात दिला. "तुम्हीच ऐका."

आतोबांनी ऐकलं. माउस हलला की ती कुईं वरखाली व्हायची, थांबला की एका सुरात लागायची.

"अरे, हे तर आतूनच येतंय."

"आतूनच. कॉम्प्युटरच्या पोटात इतकी वीज इकडून तिकडे पळत असते, आणि आपलं कार्ड नेमकं त्या गर्दीत बसलेलं. भर बाजारात बसून कुणाच्या छातीचे ठोके ऐकायचे, तसं झालंय. कार्ड वाईट नाही हं. गाण्यासाठी उत्तमच असेल. पण गाणी मुळात मोठ्या आवाजात साठवलेली असतात, त्यात ही कुईं बुडून जाते. माइकचं तसं नसतं. माइककडून येतो तो आवाज अगदी चिमूटभर. तो शंभरपट वाढवायचा म्हणजे त्याच्याबरोबर ही गर्दीही शंभरपट वाढते. तुम्हाला बाहेर ठेवायचं कार्ड हवं. छोटी डबी असते, वायरने जोडायची."

आतोबांना फार बरं वाटलेलं दिसलं. कार्ड वाईट नाही, या तीन शब्दांसाठी त्यांनी स्वतः उठून चहा केला.

चहा पिताना आत्याने विचारलं, "तुम्ही एवढ्या लांब आलात, घरी वाट बघत असतील."

"बाई," वकील म्हणाले, "मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझी नजर गेली. आधी धूसर झालं, मग गेलंच. वर्गातली मुलं पुढे गेली. मी घरी भिंतीकडे तोंड करून झोपून असायचो. धाकट्या बहिणीने ग्रंथालयातून पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक आणलं, तुमच्या आवाजातलं. मी ते रागारागानेच ऐकायला घेतलं. तुम्हाला माहीत आहे का, ऐकणाऱ्या मुलांत तुमचं नाव काय होतं?"

"काय होतं?"

"दोनदाबाई. अवघड वाक्य आलं की तुम्ही ते दोनदा वाचायचा. पहिल्यांदा नेहमीसारखं आणि दुसऱ्यांदा सावकाश, तोडून तोडून. बाकी कुणी वाचक असं करत नाही. आम्हाला वाटायचं, या बाईंना कळतं आपण कुठे अडणार ते. माझ्यासाठी कुणीतरी थांबतंय, असं त्या काळात मला पहिल्यांदा तिथे वाटलं."

आत्या जरा ओशाळली. कप बशीत ठेवून म्हणाली, "खरं सांगू का? ते तुमच्यासाठी नव्हतं हो. पहिल्यांदा वाचून माझं मलाच कळायचं नाही. म्हणून परत वाचायचे. पुसून टाकायचं असतं ते, पण मला ते बटण नीट यायचं नाही."

 मग वकील इतके हसले की त्यांनी चहाचा कप आधी चाचपून टेबलावर ठेवला आणि मग पुन्हा हसले. "म्हणजे माझी सनद तुमच्या न येणाऱ्या बटणावर उभी आहे," ते म्हणाले. आत्याही हसली. पडल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

शनिवारी आम्ही चौघं दुकानात गेलो. वकिलांच्या ओळखीचं दुकान होतं, माइक, गिटार, स्पीकर असलं सगळं विकणारं. दुकान चालवणारी बाई, केस बारीक कापलेले, बाह्या वर सारलेल्या. पूर्वी ती वाद्यवृंदात ढोल बडवायची, असं तिनेच सांगितलं. तिने आत्यासाठी पाठ असलेली खुर्ची आणली, वॉकर बाजूला लावला आणि काउंटरवर तीन डब्या मांडल्या. एक पत्र्याची, तळहातापेक्षा जरा मोठी. दुसरी तशीच, पण जड. तिसरी चांगली लांबरुंद, बटणंच बटणं.

आतोबांचा हात आपोआप तिसरीकडे गेला. त्यांनी खोक्यावरचा आकडा वाचला. "हिचा आकडा सगळ्यात मोठा आहे."

"तेवढं माणसाच्या कानाला ऐकू येत नाही," वकील म्हणाले. "वटवाघळांसाठी पुस्तकं वाचायची असतील तर घ्या."

आतोबांनी हात मागे घेतला.

दुकानवाल्या बाईने सुचवलं की एकच माइक तिन्हींना आळीपाळीने जोडू, आणि कुठली कुठली ते मी सांगणार नाही, तुम्ही ऐकून ठरवा. वाचायला काही हवं होतं. पुस्तक कुणीच आणलं नव्हतं. मग तिने एका खोक्यातून वॉरंटीचा कागद काढून आत्याच्या हातात दिला. आत्याने डबीतून चष्मा काढला, घातला, आणि "सदर वस्तू पाण्यात पडल्यास, जळल्यास अथवा ग्राहकाने स्वतः उघडल्यास" असं गंभीरपणे वाचायला लागली. दुकानात आलेली दोन माणसं थांबून ऐकायला लागली.

पहिल्या डबीत आत्याचा मृदू आवाज पुरेसा वाढवला की मागे वाळू चाळल्यासारखी सळसळ यायची. वकिलांनी मान हलवली. दुसरी लावली. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग तिसरी. पुन्हा दुसरी. शेवटी म्हणाले, "पहिली नको. या दोघींत मला फरक सांगता येत नाही. येतो म्हटलं तर खोटं होईल."

"मलाही येत नाही," दुकानवाली म्हणाली. "तिसरीला आठ माइक जोडता येतात. तुमच्याकडे बाई एकच आहेत. दुसरी घ्या."

मग तिने दुसऱ्या डबीवरचं एक बटण दाबलं आणि हेडफोन आत्याच्या कानांवर नीट बसवून दिला. "आता वाचा. याच्यात तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून येत नाही. माइकमधून सरळ तुमच्या कानात."

आत्याने वाचायला सुरुवात केली आणि तिचे खांदे सैल झाले. नक्कल करणारं कुणी नव्हतं. ती वाचत होती आणि तिचं वाचणं तिच्याबरोबर चालत होतं. मध्येच एक लांबलचक कलम आलं, कंपनीची जबाबदारी कुठे संपते त्याबद्दलचं. आत्या ते वाचून थांबली, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा सुरुवातीपासून सावकाश वाचलं. वकिलांनी माझ्या दिशेने नुसती बोटं वर केली. दोन.

"आणि गाणी?" आतोबांनी जरा संकोचून विचारलं. "म्हणजे, हिच्यासाठीच घेतोय. पण सहज."

दुकानवालीने त्याच डबीला चांगला हेडफोन जोडून त्यांच्या आवडीचं एक जुनं गाणं लावून दिलं. आतोबा उभ्या उभ्या ऐकायला लागले. मग हळूच काउंटरला टेकले. या डबीत आवाज भरदार वगैरे करून येत नव्हता, जसा असेल तसा येत होता. गाणं संपल्यावर ते आत्याला म्हणाले, "अगं, गाणारी बाई ती ओळ सुरू करायच्या आधी श्वास घेते. इतकी वर्षं ऐकतोय, पण हे ऐकलंच नव्हतं."

घरी आल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण उघडून ते उजेड पाडणारं कार्ड काढलं आणि पुसून खोक्यात ठेवलं. कपड्यांच्या कपाटांच्या खोलीत मधली जागा मोकळी केली, कारण वकील म्हणाले होते की कपडे आणि गाद्या आवाज पिऊन टाकतात. आत्याची खुर्ची, टेबल, दिवा, माइक, डबी. कॉम्प्युटर दाराबाहेर, म्हणजे त्याच्या पंख्याची घरघर आत नको.

ग्रंथालयाने पाठवलेलं पुस्तक होतं मालिश आणि व्यायामोपचार शिकणाऱ्यांसाठी. ते काम शिकणारी बरीच अंध मुलंमुली आहेत. आत्याने पाठ उघडला आणि दार लावायच्या आधी मला म्हणाली, "बघ, खुब्याचा सांधा. माझंच मोडलेलं हाड मोठ्याने वाचून दाखवायचंय." मग दार बंद झालं.

आतोबा बाहेर कॉम्प्युटरसमोर बसले होते. आवाजाची पट्टी हलतेय की नाही एवढंच त्यांनी बघायचं होतं. पाठ वाचून संपल्यावर आत्या टेकून बसली, आणि त्यांनी तपासायचं म्हणून हेडफोन लावून रेकॉर्डिंग सुरू केलं. मला वाटलं, दोन मिनिटं ऐकतील. मी काहीतरी विचारायला गेले तर त्यांनी न बघता हात वर केला. गाणं ऐकताना करतात तसाच. मी आणि आत्या वाट बघत बसलो. त्यांनी सगळा पाठ ऐकला. ग्रंथालयाच्या दारात ते तिला इतकी वर्षं सोडत आले होते, पण ती वर जाऊन काय करते ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ती रेकॉर्डिंगं ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतात, आपण कशाला ऐकायची, असं त्यांना वाटत असे.

हेडफोन काढून ते म्हणाले, "तू असं वाचतेस?"

"कसं?"

"समोर कुणीतरी बसलेलं आहे असं."

"बसलेलंच असतं की," आत्या म्हणाली.

ते जरा वेळ हेडफोनची वायर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मी तुला सोडून भाजी आणायला जायचो. जगभरची माणसं ऐकली मी, आणि..."

"भाजी कुणी आणली असती मग?" आत्या म्हणाली. "तुम्ही सोडायला यायचात म्हणून मी गेले. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, आज नको असं एकदाही म्हणाला नाहीत. एकटी असते तर दुसऱ्या आठवड्यातच कंटाळले असते." हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. आतोबांनी उठून तिचा हात धरला आणि तिला खुर्चीतून उठवलं. वॉकर शेजारीच होता, पण तो त्यांनी पुढे केला नाही.

पाठ पाठवला. दुसऱ्या दिवशी वकिलांचा फोन आला, आतोबांनी तो स्पीकरवर टाकला. "मागे काहीसुद्धा नाही," वकील म्हणाले. "फक्त बाई आहेत."

आत्याने त्यांचे आभार मानायला सुरुवात केली. ते म्हणाले, आभार मी मानायचे. ती म्हणाली, मी संपले होते, तुम्ही घर शोधत आलात. ते म्हणाले, मी संपलो होतो तेव्हा तुम्ही ग्रंथालयाचा एवढा उंच जिना चढत होता, तोही आठवड्यातून दोनदा. शेवटी आतोबा मध्ये पडले आणि म्हणाले, हा खटला आपण तहकूब करू.

आता ग्रंथालयात घरून वाचणारे आणखी काही जण झाले आहेत. एका निवृत्त शिक्षकांना दम लागतो, एकीची आई अंथरुणाला खिळलेली आहे, तिला घर सोडता येत नाही. त्यांच्या घरी डबी जोडून द्यायला आतोबा जातात. आधी सगळ्यांना गप्प बसवून शांतता ऐकतात. मग कुठली गादी कुठे उभी करायची ते सांगतात. कुणी आकड्यांबद्दल विचारलं तर वटवाघळाचा विनोद ते आपलाच म्हणून खपवतात, आणि आत्या तो प्रत्येक वेळी ऐकून घेते.

परवा मी गेले तेव्हा कपाटांच्या खोलीचं दार बंद होतं. आतोबा बाहेर खुर्चीत, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले. मला वाटलं गाणं ऐकताहेत. मी जवळ गेले तर त्यांनी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली. आत आत्या मधमाश्या पाळण्याबद्दल वाचत होती. राणीमाशी, पोळं, धूर केव्हा करायचा. मी खाली फरशीवर बसले आणि ती वाचत होती तोवर आम्ही दोघं ऐकत राहिलो.